खिडकी कोणाच्या उंचीची?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शाळेच्या वाटचालीतील एखादी आठवण लिहून द्यावी, अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात आले ते नेहमीचे विषय. पहिली तुकडी, पत्र्याच्या छपरातील भोजनगृह, चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री जागून केलेली तयारी, निकालाचा दिवस. या सर्वांविषयी आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी या अंकात आहेत. आम्ही इतिहासाचे शिक्षक. ज्या गोष्टीची कोठे नोंद होत नाही ती पुढे झालीच नाही असे मानले जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून एका साध्या कामाची हकिकत येथे नोंदवून ठेवीत आहोत.

शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली उभी असलेली चाकांची निळी खोली आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या एका अंगाला चार फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी खिडकी आहे. ती खिडकी मुळात नव्हती. पालकसभेला येणारी मंडळी ‘ही खिडकी इतकी खाली का?’ असे हमखास विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

रस्त्यांची कामे करणारे ठेकेदार ट्रॅक्टरमागे जोडून नेता येतील अशा पत्र्याच्या केबिन वापरतात, हे आपण महामार्गावर पाहिले असेल. मोजणीची उपकरणे, नकाशे, हजेरीची वही आणि मुक्कामाला थांबणाऱ्या पर्यवेक्षकाची खाट एवढ्यासाठी ती खोली असते. काम संपले की अशी केबिन भंगारात निघते. तीन वर्षांपूर्वी अशीच एक केबिन आम्हांला वजनाच्या भावाने मिळाली. सोळा फूट लांब, सात फूट रुंद, मधोमध एक आस आणि दोन चाके. उपकरणे चोरीस जाऊ नयेत म्हणून प्रत्येक लांब भिंतीत एकच झरोका, दीड फूट बाय एक फूट, तोही प्रौढ माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, त्याला गज आणि वर जाळी. ही खोली दुरुस्त करून ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी फिरते वाचनालय करावे, असे माजी विद्यार्थी मंडळाने ठरविले.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना ऊसतोडीविषयी सांगण्याची आवश्यकता नाही. उजनीचे पाणी आले, भीमा आणि सीना या नद्यांच्या काठी ऊस उभा राहिला आणि एकामागून एक साखर कारखाने झाले. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतून हजारो जोडपी मुकादमाची उचल फेडण्यासाठी येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडावर जातात आणि मागे कोपीपाशी राहतात ती मुले. आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. साखरशाळांचे प्रयोगही झाले. तथापि, गावची शाळा एका जिल्ह्यात आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात, ही स्थिती पुष्कळशी कायम आहे. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर पुस्तकाने त्याच्याकडे जावे, एवढाच आमचा विचार होता.

आम्ही त्या केबिनला निळा रंग दिला. त्या रंगाशी आपले काय नाते आहे ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. आत मांडणी केली, सतरंजी अंथरली, दीडशे पुस्तके लावली आणि डिसेंबरातील एका रविवारी मोहोळ तालुक्यातील कोप्यांच्या एका तळावर मोठ्या उत्साहाने ती गाडी नेऊन उभी केली.

एकही मूल आत आले नाही.

मुले लांब उसाच्या कडेला जाऊन उभी राहिली. काही तर दिसेनाशी झाली. आम्ही दार उघडून पायरीवर उभे राहिलो, हाका मारल्या, चित्रांचे पुस्तक उंच धरून दाखविले. थोड्या वेळाने एक म्हातारी पुढे आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, वरच्या जाळीकडे पाहिले आणि विचारले, “कुणाला न्यायला आलाय?”

त्या तळावर काही कुटुंबे पारधी समाजातील होती, हे आम्हांला नंतर कळले. निळा रंग, बंद पत्रा, उंचावर जाळीची खिडकी आणि मागच्या बाजूला दार. त्या म्हातारीने अशी गाडी आयुष्यात पाहिली होती, आणि ती वाचनालयाची नव्हती.

आम्ही एम. ए.ला इतिहास शिकलो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. माणसांच्या अख्ख्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा हा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा कुटुंबांची मोठी वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि त्यांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. ही तारीख आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. परंतु कायदा रद्द झाल्यानंतर इतक्या वर्षांनीही एखादी म्हातारी गाडीच्या जाळीकडे पाहून काय वाचते, याचा विचार आम्ही रंगाचा डबा उघडताना केला नव्हता. त्या हंगामात आम्ही आणखी पाच-सहा वेळा गेलो. शेवटी सात मुले आत आली, तीही दार सताड उघडे ठेवण्याच्या अटीवर. मार्चअखेर तळ उठला.

परतल्यावर बैठक झाली. रंग बदलावा, असे काहींचे मत पडले. काहींनी गाडीवर मोठ्या अक्षरांत ‘वाचनालय’ लिहावे असे सुचविले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते लिहून काय उपयोग, हे कोणाच्या लक्षात आले नाही, आमच्याही नाही. त्या बैठकीत मागच्या बाकावर आमचा एक माजी विद्यार्थी बसला होता. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत त्याचे फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप आहे. गाडीची दुरुस्ती त्यानेच केली होती. तो म्हणाला, “सर, रंग राहू द्या. भिंत उघडा. आत काय हाय ते बाहेरून दिसलं की भ्या जातंय.”

या विद्यार्थ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. तो नववीत असताना आमच्या वर्गात होता. त्याचे लक्ष सदैव खिडकीबाहेर असे. रस्त्यापलीकडे एक लोहारकाम चाले, तिकडे तो टक लावून पाही. आम्ही त्याला दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा हात उगारला आणि त्याचा बाक भिंतीकडे हलविला. एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. मुलांचे लक्ष विचलित होते, या कारणास्तव वर्गाच्या सर्व खिडक्यांच्या खालच्या काचांना आम्ही पांढरा रंग लावून घेतला. वर्गात उजेड कमी झाला, शिस्त मात्र वाढली, असे त्या वर्षीच्या अहवालात आम्हीच लिहिले आहे. तो मुलगा दहावीत गणितात आणि इतिहासातही अनुत्तीर्ण झाला आणि शाळेतून गेला. पुढे अनेक वर्षांनी स्वतःहून मंडळाचा सभासद झाला. त्याने ती गोष्ट कधी काढली नाही. आम्हीही काढली नाही.

वैशाखात काम काढले. सोलापूरचा वैशाख म्हणजे काय, हे आपण जाणतोच. दुपारी पत्र्याला हात लावणे अशक्य होई, म्हणून पहाटे साडेपाच ते दहा हीच कामाची वेळ ठरली. वाहनाच्या नोंदणीपत्रातील तपशिलात फरक पडेल असा फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाला येईल तसा करता येत नाही आणि ट्रेलर हेही कायद्याच्या दृष्टीने वाहनच असते, म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा आणि अर्ज केला. मग आम्ही कागदावर एक आराखडा काढला. त्यात खिडकी पाच फूट रुंद होती आणि तिचा उंबरठा जमिनीपासून, म्हणजे गाडीच्या तळफळीपासून, अडीच फुटांवर होता. घरात खिडकी जेथे असते तेथे ती आम्ही दाखविली होती.

त्याने आराखडा पाहिला, टेप काढला आणि गाडीच्या बाहेर जाऊन उभा राहिला. “सर, ही कुणाच्या उंचीची धरलीय?”

आम्हांला प्रश्न समजला नाही. मग त्याने खडूने पत्र्यावर रेघ ओढली. गाडीची तळफळी रस्त्यापासून दोन फूट उंच. त्यावर अडीच फूट. म्हणजे उंबरठा रस्त्यापासून साडेचार फुटांवर. सात-आठ वर्षांचे मूल चार फुटांच्याही आतले. त्याला बाहेरून काय दिसणार? पत्रा. आम्ही आयुष्यभर वर्गात उभे राहून शिकविले. त्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनीच आम्ही खिडकी मोजली होती. जो बाहेर उभा आहे आणि आत यावे की न यावे हे ज्याला ठरवावयाचे आहे, त्याचे डोळे आमच्या हिशोबात नव्हते.

त्याने उंबरठा तळफळीपासून एक फुटावर आणला, म्हणजे रस्त्यापासून तीन फूट. इतक्या खाली चाकावरचा उंचवटा आड येत होता, म्हणून खिडकी पुढे सरकविली. आत सतरंजीवर बसलेल्या मुलालाही त्या उंचीवरून बाहेरचे दिसावे, हे आपोआपच साधले. रुंदी पाच फूट नको, चारच घेऊ, असे तो म्हणाला. त्याचे कारण आम्हांला भिंत उघडल्यावर कळले.

आतील प्लायवूड काढले, तेव्हा त्या भिंतीचा सांगाडा दिसला. दर दोन फुटांवर लोखंडी चौकोनी पाइप उभा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड आणि मधल्या पोकळीत थर्माकोल. छताचा भार या उभ्या पाइपांवर. चार फुटांची खिडकी बरोबर दोन पाइपांच्या दरम्यान बसते आणि मधला एकच पाइप तोडावा लागतो. पाच फूट घेतली असती तर दोन पाइप गेले असते आणि कडेला धरावयास काहीच उरले नसते.

आम्हांला वाटले, आता कटर लावायचा. त्याने तसे केले नाही. प्रथम झरोक्याजवळून दिव्याकडे गेलेली वायर शोधून बाजूला घेतली. मग छताखाली आडवी फळी धरून तिला दोन बाजूंनी जॅक आणि बल्ल्यांचे टेकू दिले. जेथे वेल्डिंग करावयाचे तेथील थर्माकोल वीतभर अंतरापर्यंत काढून टाकला, कारण ठिणगीने तो पेटतो आणि पोकळीतला जाळ बाहेरून दिसत नाही. पाण्याची बादली आणि भिजवलेली पोती जवळ ठेवली. त्यानंतर खिडकीच्या वरच्या रेषेवर दोन्ही उभ्या पाइपांना धरून दुहेरी आडवा पाइप जोडला. दाराच्या चौकटीवर पाटी असते तसा. छताचा जो भार मधला पाइप उचलत होता तो आता या आडव्या पाइपावरून दोन्ही बाजूंच्या पाइपांवर जाणार होता. खाली उंबरठ्यालाही आडवा पाइप बसला. हे सर्व झाल्यावर, सर्वांत शेवटी, मधला पाइप तुटला. छत केसभरही हलले नाही.

पत्रा कापताना त्याने चार कोपऱ्यांना आधी इंचभर व्यासाची भोके पाडली आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कटर चालविला. कोपरे त्यामुळे गोल राहिले. काटकोनात कापलेल्या पत्र्याला गाडी खड्ड्यांतून हादरत गेली की कोपऱ्यातूनच चीर जाते. कापलेल्या कडा कानशीने घासून त्यांना रेड ऑक्साइड लावले. काच टफन घेतली. ती फुटली तरी तिचे बारीक खडे होतात, सुरीसारखे तुकडे होत नाहीत. शिवाय काच चौकटीत घट्ट आवळली नाही, रबराच्या पट्टीत सैल ठेवली, कारण घराची भिंत स्थिर असते आणि चाकांवरची भिंत रस्त्यावर पिळवटते.

प्रश्न राहिला गजांचा. रात्री पुस्तके कोणी नेऊ नयेत, यासाठी जाळी हवीच, असा आग्रह धरणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याने भिंतीतून निघालेला चार फुटांचा पत्रा टाकून दिला नव्हता. त्याला अँगलची चौकट करून खिडकीच्या वरच्या बाजूस बिजागऱ्यांनी टांगला. दिवसा टेकू देऊन तो वर उचलला की छज्जा, गाडी निघताना खाली पाडून कुलूप लावले की झडप. जो पत्रा आत काय आहे ते झाकत होता तोच आता बाहेर उभ्या राहणाऱ्या मुलांवर सावली धरतो.

एक चूक मात्र झाली आणि ती सर्वस्वी आमची. चौकटीच्या चारही बाजूंना सिलिकॉन भरावे, असा हट्ट आम्ही धरला. तो ‘खालची बाजू सोडू’ म्हणत होता. आम्ही ऐकले नाही. शिक्षकाचा तोच जुना स्वभाव. मृगाच्या पहिल्याच पावसात खिडकीखालचे प्लायवूड फुगले आणि तळच्या रांगेतील अकरा पुस्तके भिजली. वरून, फटीतून, रबराच्या कडेने थोडे पाणी चौकटीत येतेच. खालून वाट बंद केली की ते साचते आणि आत उतरते. त्याने एकही शब्द न बोलता खालचे सिलिकॉन खरवडून काढले, पट्टीला तीन बारीक भोके पाडली आणि वरच्या बाजूस पाणी पुढे ठिबकावे म्हणून पत्र्याची अरुंद पन्हळ बसविली. त्यानंतर आजवर पाणी आत आलेले नाही. भिजलेली पुस्तके आम्ही उन्हात वाळवून तशीच ठेवली आहेत.

या कामाच्या दिवसांत आम्हांला आमचे बुधवार पेठेतील घर वारंवार आठवत होते. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एक दार आणि खिडकी नाही. वडील गिरणीत. आई विड्या वळीत असे. उजेड फक्त दारातून येई आणि दारात एकच माणूस बसू शके. पानांची शीर नीट दिसावी म्हणून आई दारात बसे. आम्ही तिच्या पाठीमागे पुस्तक वाकडे धरून तिच्या खांद्यावरून येणाऱ्या उजेडात वाचीत असू. परीक्षा जवळ आली की ती न बोलता सूप उचलून आतल्या अंधारात सरके आणि हाताच्या अंदाजाने विड्या वळी. त्या दिवशी तिच्या छाट विड्या अधिक निघत आणि मजुरी कापली जाई. हे आम्हांला फार उशिरा समजले. खिडकी नसलेल्या घरात वाढलेल्या माणसाने पुढे शिक्षक होऊन वर्गाच्या खिडक्यांना पांढरा रंग फासावा, ही गोष्ट लिहिताना आज लाज वाटते. तरीही ती लिहिली पाहिजे.

आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना तेरला नेतो. ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या तगर नगराचा उल्लेख आला तेच हे गाव. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मागे अर्धगोल भिंत आणि वर बैलगाडीच्या टपासारखे कमानदार छत. मुले विचारतात, दगडविटांच्या इमारतीला गाडीचा टप कशाला? मग कार्ल्याच्या लेण्याचे चित्र दाखवावे लागते. दर्शनी भिंतीतील घोड्याच्या नालेच्या आकाराचे ते विशाल गवाक्ष आणि त्यातून थेट आतल्या स्तूपापर्यंत पोचणारा उजेड. डोंगर कोरणाऱ्या त्या कारागिरांनाही वरचा कातळ न ढासळता एवढे मोठे उघडे तोंड कसे राखावयाचे, हे ठरवूनच छिन्नी लावावी लागली असेल. त्यांतील कोणाचेही नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नाही. नववीतल्या एका मुलाने खिडकीतून लोहारकाम पाहिले तेव्हा तो कदाचित आमच्या तासापेक्षा जुन्या तासाला बसला होता.

दुसरीही एक आठवण सोलापूरकर म्हणून नोंदवावीशी वाटते. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने आपल्या सोलापुरात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. राहणे, जेवण, कपडे आणि लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा चाळीस रुपयांचे साहाय्य दिले. मुंबईत सभेने मोफत वाचनालयही चालविले. केवळ ‘शाळेचे दार सर्वांना खुले आहे’ असे म्हणून भागत नाही. दारापर्यंत येणाऱ्याच्या पोटाचा, वस्त्राचा आणि वहीचा भार कोणी उचलावयाचा, हे आधी ठरवावे लागते, हे त्या मंडळींना नेमके कळले होते. आपली निवासी शाळा त्याच वाटेवर चालत आली आहे.

पुढल्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये, गाडी पुन्हा त्याच भागात नेली. घराच्या खिडकीची दिशा एकदाच ठरते, गाडीची मात्र रोज ठरविता येते, हे आम्ही तेथे शिकलो. सकाळी खिडकी उगवतीकडे, म्हणजे थंडीत मुलांच्या पाठीला ऊन. आणि नेहमी कोप्यांकडे तोंड करून, रस्त्याकडे नाही. पहिल्या दिवशी मुले वीस पावलांवर थांबली. आम्ही हाका मारल्या नाहीत. आत बसून दोन विद्यार्थ्यांनी आपापली पुस्तके वाचली, एवढेच. दुसऱ्या दिवशी मुले छज्जाच्या सावलीत आली. तिसऱ्या खेपेस दहा-एक वर्षांची एक मुलगी कडेवरच्या भावाला घेऊन आली. पायऱ्या चढून आत येणे तिला शक्य नव्हते, पोर खाली ठेवता येत नव्हते. तिने त्याला तीन फुटांवरच्या उंबरठ्यावर बसविले, एका हाताने त्याची कंबर धरली आणि दुसऱ्या हाताने आतले पुस्तक ओढून घेतले. ते भिजून वाळलेल्या अकरांपैकी होते. हंगामभर ती आत आली नाही. तिने खिडकीपाशी उभे राहूनच वाचले. त्या खिडकीची उंची आम्ही ठरविली असती तर तिचे पोर कडेवरच राहिले असते आणि पुस्तक आमच्या मांडणीवर.

हंगाम संपताना नोंदवहीत एकेचाळीस मुलांची नावे होती. म्हातारी आम्हांला पुन्हा भेटली नाही. तिचे कुटुंब त्या वर्षी कोणत्या कारखान्यावर गेले ते समजले नाही. तळ उठण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलीने विचारले, “गाडी आमच्या गावाला येती का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. गाडी आपल्या तालुक्यापुरतीच जाऊ शकते. हे अपुरेपण झाकून केवळ यशाची हकिकत सांगणे योग्य होणार नाही.

शाळेत परत आल्यावर एका रविवारी आम्ही ब्लेड आणि पाण्याची बादली घेऊन नववीच्या वर्गात गेलो. पंचवीस वर्षांचा रंग सहज निघत नाही. अर्धी काच झाली असेल, तेव्हा तो गाडीचे टायर पाहण्यासाठी आला होता, तो दारात येऊन उभा राहिला. त्याने काही वेळ पाहिले. आम्ही म्हणालो, “हे आम्हीच लावून घेतलं होतं.”

“ठावं हाय की, सर,” तो म्हणाला. मग त्याने आमच्या हातातले ब्लेड घेतले, ते कसे तिरपे धरावे ते दाखविले आणि शेजारच्या काचेला लागला. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी सहा काचा केल्या. उरलेल्या काचा विद्यार्थ्यांनी केल्या. रस्त्यापलीकडचे ते लोहारकाम आता राहिलेले नाही, तेथे मोबाइलचे दुकान आहे. तरीही नववीतली मुले बाहेर पाहतात. आम्ही तास चालू ठेवतो.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना शेवटी एक विनंती. येत्या हंगामात आठवड्यातून दोन दिवस गाडी नेण्याचा विचार आहे. गाडीबरोबर जाणारी माणसे कमी पडतात. पैशांपेक्षा एका रविवारचे दान अधिक मोलाचे ठरेल. शिकविण्याची गरज नाही. खिडकीपाशी बसून आपले पुस्तक वाचावे, म्हणजे बाहेरून दिसेल.

जय भीम.